सगळ्या बाह्या डाव्या

रविवारी सकाळी सहाला मोठी पहिल्या गणवेशाच्या बाह्या जोडायला बसली आणि सव्वासहाला तिने मशीनच्या पॅडलवरून पाय काढून घेतला. डावी बाही बसली होती. उजवी बसत नव्हती. तिने ती उसवली, गठ्ठ्यातली दुसरी घेतली. तीही बसेना. मग तिने गठ्ठाच सोडला आणि एकेक बाही उजळ बाजू वर करून कापायच्या टेबलावर मांडत गेली. वीस-पंचवीस झाल्यावर थांबली. पुढे मांडण्यात अर्थ नव्हता. एकशे चाळीस बाह्या होत्या आणि एकूण एक डाव्या होत्या.

सोमवारी दहा वाजता हॉस्पिटलात नर्सिंगची नवी तुकडी रुजू होणार होती. सत्तर मुली, सत्तर गणवेश. अंग शिवून तयार होतं, कॉलर लागली होती, फक्त बाह्या आणि बटणांची काजं राहिली होती. दोन्ही कारागीर शनिवारीच सुट्टीवर गेले होते. कापडाच्या ठाणात नऊ मीटर उरलं होतं, लागणार होतं त्याच्या अडीचपट, आणि रविवारी कापड देणार कोण?

नवरा गेल्यापासून चार वर्षं हा कारखाना मोठीच, म्हणजे घरातली थोरली सूनच, चालवत होती. कारखाना म्हणायचा एवढंच. एक लांब खोली, चार मशिनी, कापायचं टेबल, इस्त्रीचं टेबल आणि मागे एक लहान खोली. त्या खोलीत तिचा धाकटा दीर राहायचा. त्याने लग्न केलं नाही, घर केलं नाही. चाळीस वर्षं कापड कापलं. म्हणून घरचे-बाहेरचे सगळे त्याला मास्तर म्हणत, सख्खी बहीणसुद्धा.

कापड कापताना एक थर उजळ बाजू वर आणि पुढचा खाली असे लावायचे, म्हणजे एकाच कापात डावी-उजवी जोडी निघते. सगळे थर एकाच बाजूने लावले तर सगळ्या बाह्या एकाच हाताच्या. हे शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. मास्तर ते विसरला नव्हता. त्याला बाजू दिसली नव्हती, आणि मोठीला याचं आश्चर्य वाटलं नाही. गेल्या वर्षी एका सकाळी तिने त्याला कापडाचं टोक ओठांना लावून उजळ बाजू चाचपताना पाहिलं होतं. तेव्हापासून ती तो उठायच्या आत येऊन थर स्वतः लावून ठेवायची. झोप येत नाही, म्हणून लवकर येते, असं सांगायची. या आठवड्यात बुधवार ते शुक्रवार ती तापाने पडून होती.

मागच्या खोलीचं दार अजून बंद होतं. तिने लेकीला फोन लावला.

"आई, रविवार आहे," पलीकडून झोपेतला आवाज आला.

"माहीत आहे. बाह्या चुकल्यात. सगळ्या."

"म्हणजे किती?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या."

लेक त्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायची आणि हे काम तिच्या शब्दावर मिळालं होतं.

"येतोय आम्ही," ती म्हणाली.

* * *

'आम्ही' म्हणताना लेकीला नेहमी एक क्षण अडखळल्यासारखं व्हायचं. आत्ताही झालं. गाडी चालवत होता तो माणूस तिच्याबरोबर सहा वर्षं राहत होता. तो लोकांना गाडी शिकवायचा. त्याचं आधीचं लग्न मोडलेलं, एक मुलगी आईकडे. यांनी लग्न केलं नव्हतं आणि करायचं म्हणतही नव्हते. घरात त्याला गाडीवाला म्हणत. आधी टोमणा म्हणून, मग सवयीने.

सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा तो घरी जेवायला आला, तेव्हा मास्तर भरल्या ताटावरून उठला होता. "ज्याचं नातं मला सांगता येत नाही त्याच्या शेजारी मी जेवत नाही," एवढं बोलून हात धुवायला गेला. लेकीने ते माफ केलं नव्हतं. आईला भेटायला ती कारखान्यात काका बाहेर गेलेला बघून यायची.

"दोघांनी एकशे चाळीस बाह्या होणार नाहीत," ती म्हणाली. "आणि काजं तर मला येतच नाहीत."

"मग कुणाला येतात?"

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने आत्याचा नंबर लावला.

आत्याचं आणि आईचं चार वर्षं बोलणं नव्हतं. बाबांचं दुखणं आत्याला कळलं ते शेवटच्या आठवड्यात. त्यानंतर तिने साऱ्या गणगोताला फोन करून सांगितलं होतं की वहिनीने माझ्या भावाला लपवून ठेवलं आणि लपवूनच मारलं. त्या दिवसापर्यंत मोठं काम निघालं की ती कारखान्यात येऊन काजं करायची. त्या दिवसापासून यायची बंद झाली.

"आत्या, काजं करायचीत. साडेतीनशे. आज."

"तुझ्या आईने सांगितलं फोन करायला?"

"नाही."

"मग कशाला येऊ?"

"मी सांगतेय म्हणून ये. माझी नोकरी आहे तिथे."

पलीकडे नळ चालू असल्याचा आवाज येत होता. तो बंद झाला. "चष्मा घेऊन येते," आत्या म्हणाली. "पण मी तिच्याशी बोलणार नाही हे आधीच सांगून ठेवते."

* * *

मास्तर नऊला बाहेर आला तेव्हा लेक आणि गाडीवाला पोचले होते आणि टेबलावर बाह्यांच्या ओळी लागल्या होत्या. त्याने टेबलाच्या कडेवरून हात फिरवत तिथवर येऊन एक बाही उचलली, मग दुसरी, मग तिसरी. खांद्याकडचा गोलवा बोटांनी बघत गेला.

"थर माझ्याकडून चुकले," मोठी म्हणाली. "गुरुवारी घाईत लावले. लक्ष नव्हतं माझं."

लेकीने आईकडे पाहिलं. गुरुवारी आईचं डोकं उशीवरून उठत नव्हतं. औषध लेकीनेच आणून दिलं होतं. ती काही बोलणार तेवढ्यात मोठीने नजरेनेच तिला गप्प केलं.

मास्तरने हातातली बाही खाली ठेवली. त्या दिवशी थर कुणी लावले हे त्याच्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं.

"होतं असं," तो म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

लेकीच्या मनात आलं, हा माणूस आताही तिच्यावरच ढकलतोय. आणि आई ढकलू देतेय. दोघांचाही तिला सारखाच राग आला.

तेवढ्यात जिन्यातून आवाज यायला लागला. आत्या जिना चढतानाच बोलायला सुरुवात करायची, त्यामुळे दार उघडेपर्यंत तिचं अर्धं बोलून झालेलं असायचं. "...आणि खालचा दिवा तसाच बंद, चार वर्षांत एक दिवा लावता आला नाही, माणूस पडलं तर बघणारं कोण." दारात ती थबकली. समोर मोठी उभी होती. केस पार पांढरे झालेली, गळ्यात मापाची टेप.

आत्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय झालंय तुला? वाळलीस किती."

"ताप होता."

"चहा झालाय?"

"ठेवते," मोठी म्हणाली आणि आत गेली. एवढ्यावर चार वर्षांचा अबोला सुटला, आणि दोघींपैकी कुणालाही त्याकडे बघायला वेळ नव्हता.

तोड मास्तरनेच काढली. चहाचा कप बाजूला सारून त्याने बाहीचा पुठ्ठ्याचा फर्मा मागितला, उलटा केला आणि एका डाव्या बाहीवर चार बोटं खाली सरकवून ठेवला. "वरचा गोलवा फुकट गेला तर जाऊ दे. खाली सरकून उजवा गोलवा नव्याने काढायचा. लांबी कमी होईल. कोपराच्या वर थांबेल बाही."

"आणि डाव्या?" लेकीने विचारलं.

"त्याही तेवढ्याच करायच्या. मुलींना एक हात लांब आणि एक आखूड देणार आहेस का?"

"ऑर्डर कोपराखाली येणाऱ्या बाहीची आहे, काका."

"मग विचार त्यांना. मी शिंपी आहे, जादूगार नाही."

लेक गॅलरीत जाऊन हॉस्पिटलच्या मेट्रनशी बोलली. बाई रविवारी सकाळी फोन आल्याने नाराज होत्या आणि ते त्यांनी लपवलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "लांब बाह्या तशाही हात धुताना वर कराव्याच लागतात. आखूड चालतील. पण सत्तरच्या सत्तर सारख्या हव्यात. आणि उद्या दहाला. सव्वादहाला मी ऐकून घेणार नाही."

ती आत आली तेव्हा मोठीने सत्तर बाह्या चळतीने लावून ठेवल्या होत्या आणि मास्तरच्या हातात कात्री होती. तो वाकला नाही, टेबलाकडे बघतही नव्हता. डाव्या हाताची बोटं फर्म्याच्या कडेने पुढे जात होती आणि कात्री त्यांच्या मागोमाग. कापड कापल्याचा तो सलग, दबका आवाज लेकीने लहानपणी शेकडो वेळा ऐकला होता. तो ऐकताना तिच्या लक्षात आलं की काका डोळे मिटून कापतोय.

ती तशीच उभी राहिली. मग मशीनवर जाऊन बसली. सत्तर बाह्या तिच्या वाटणीच्या होत्या.

* * *

गाडीवाल्याला इस्त्री दिली होती. शिवलेल्या बाहीची दुमड दाबून बसवायची आणि गठ्ठा आत्यापाशी न्यायचा, एवढंच काम. शिकवण्या घेऊन घेऊन त्याला एक सवय लागली होती, शेजारचा माणूस घाबरला असेल तर आपण कमी बोलायचं. या घरात त्याला ती फार उपयोगी पडायची.

बारा वाजता कापून झालं. मास्तर इस्त्रीच्या टेबलाशेजारी स्टूल ओढून बसला. बराच वेळ गेल्यावर हळूच म्हणाला, "तुम्ही काही बोलला नाहीत ना?"

"नाही."

"हिला पण नाही?"

"तुम्ही नको म्हणाला होतात."

तीन आठवड्यांपूर्वी मास्तर त्याच्या ऑफिसात येऊन बसला होता. दोन बस बदलून आला होता आणि रस्ता ओलांडताना पडल्यामुळे ढोपर खरचटलं होतं. "मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय," म्हणाला होता. "घरातलं कुणी नको. तुम्ही चालाल." घरातलं कुणी नको म्हणून तुम्ही. गाडीवाल्याला ते लागलं नव्हतं असं नाही. पण त्याने दुपारची शिकवणी रद्द केली होती. दवाखान्यात फॉर्मवर रुग्णाशी नातं असा रकाना होता. त्याने विचारलं तर मास्तर म्हणाला, "लिहा काहीतरी." त्याने 'शेजारी' लिहिलं.

काचबिंदू निघाला. उजवा डोळा जवळजवळ गेलेला होता. डाव्यात जे उरलं होतं ते थेंबांनी टिकवायचं, परत काही येणार नव्हतं. परतताना मास्तर गाडीत एकच वाक्य बोलला होता, "ब्रेक फार दाबता तुम्ही."

"थेंब घालता ना?" आता गाडीवाल्याने विचारलं.

"घालतो. अर्धे गालावर पडतात."

"संध्याकाळी मी घालून देईन."

शेजारी पडलेल्या बाह्या उचलून मास्तर कडा जुळवायला लागला.

* * *

तीन वाजेपर्यंत आत्याने दोनशेवर काजं केली होती. काजाची मशीन जुनी आणि तऱ्हेवाईक होती, तिला कुठे चुचकारायचं आणि कुठे दामटायचं ते फक्त आत्यालाच माहीत होतं. हात चालू होते तसं तोंडही चालू होतं. शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, चुलत सुनेचा माहेरी मुक्काम, सगळं सांगून झालं. कुणी ऐकत नव्हतं, पण कुणी थांबवतही नव्हतं. आत्याला बरं वाटत होतं. घरी तिचं बोलणं भिंती ऐकायच्या.

"एक मला पटत नाही," ती म्हणाली. "वहिनी, तू थर चुकवशील यावर माझा विश्वास नाही. तुझी चादरसुद्धा कधी वाकडी बघितली नाही मी."

"चुकतं माणसाचं," मोठी मान वर न करता म्हणाली.

"गुरुवारी आई अंथरुणातून उठली नव्हती," लेक म्हणाली. तिला आता राहवलं नाही. "पुरे झालं, आई. तू कुणाला वाचवतेयस?"

सगळ्या मशिनी थांबल्या. मोठी हळू आवाजात म्हणाली, "काम कर तुझं."

"थर मी लावले," मास्तर म्हणाला.

तो स्टुलावर बसला होता तिथूनच बोलला, कुणाकडेही तोंड न करता. "मला बाजू कळत नाही आता. बोटांनी कळायची, ताजं कापड असलं तर. हे कापड दोन्हीकडून सारखंच लागतं. वहिनी आजारी होत्या, मी म्हटलं जमेल. नाही जमलं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," मोठी म्हणाली, "मी सकाळी..."

"वहिनी, मी बहिरा नाही. साडेसातला ठाण उलगडल्याचा आवाज येतो खोलीत. मी पडून राहायचो तुमचं होईपर्यंत."

वर्षभर मोठी लवकर उठून चोरपावलांनी यायची आणि हा दाराआड जागा असायचा. तिला हसू आलं आणि त्याच वेळी इतका थकवा आला की तिने मशीनवर कोपर टेकलं.

"डॉक्टरला दाखवा आधी," लेक म्हणाली.

"दाखवलंय," गाडीवाला म्हणाला.

तिने गर्रकन मान वळवली. त्याने इस्त्री उभी केली आणि जे होतं ते चार वाक्यांत सांगितलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. सहा वर्षं ज्याच्यासाठी ती काकाशी भांडत होती, तो काकाला घेऊन दवाखान्यात बसून आला होता आणि घरी येऊन तिच्याबरोबर जेवला होता, एक शब्द न बोलता.

आत्या उठली. तिने चष्मा काढून डबीत ठेवला, डबी पिशवीत ठेवली.

"वहिनीला माहीत," ती म्हणाली. "या बाहेरच्या माणसाला माहीत. फक्त सख्ख्या बहिणीला माहीत नाही. परत तेच."

"आत्या..."

"दादाच्या वेळीही सगळ्यांना माहीत होतं. मला कळलं तेव्हा तो ओळखत नव्हता मला. एकदा तरी कुणाला वाटू दे की हिला सांगावं."

"तुला सांगितलं की गावाला कळतं," मास्तर म्हणाला.

"आणि मला गावाकडूनच कळतं नेहमी. मग मी तरी दुसरं काय करणार?" ती दाराकडे निघाली. एकशे चाळीसच्या वर काजं राहिली होती.

मोठी उठली आणि दारापर्यंत गेली. तिला दार अडवायचं नव्हतं, तेवढी ताकदही नव्हती. ती चौकटीला टेकून उभी राहिली.

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुझं नाव घेऊन. म्हणाले, ती रडेल आणि मग मला धीर द्यावा लागेल, मला जमणार नाही आता. मी तसंच केलं. नको होतं करायला. मीच एकटी होते गं तिथे. चार महिने. रात्रंदिवस. तू आली असतीस तर रडली असतीस, आरडाओरडा केला असतास, पण मला दोन तास झोप तरी मिळाली असती."

आत्याचा हात पिशवीच्या बंदावर होता.

"हे चार वर्षांत का नाही सांगितलंस?"

"तू मारलं म्हणालीस मला. त्यानंतर काय सांगायचं?"

आत्याचा हात बंदावरून खाली आला.

"म्हणाले खरी मी," ती म्हणाली. "बऱ्याच जणांना म्हणाले."

"माहीत आहे. सगळ्यांनी येऊन सांगितलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. मास्तर स्टुलावरून म्हणाला, "काजं राहिलीत."

"ऐकू येतंय मला," आत्या म्हणाली. "एवढं घडलं तरी याचं आपलं काजं राहिलीत. दगड आहेस तू, मास्तर. डोळे गेले तरी दगडच." ती परत आली, धपकन बसली, डबीतून चष्मा काढला आणि तो पुसायला तिला बराच वेळ लागला. मग मशीन सुरू झाली.

थोड्या वेळाने लेकीने शिवता शिवता विचारलं, "परत कधी बोलावलंय डॉक्टरांनी?"

"एकवीसला," गाडीवाला म्हणाला.

"मीही येते."

"गर्दी कशाला?" मास्तर म्हणाला.

"काका, मी विचारत नाहीये."

त्या जेवणाबद्दल काका माफी मागेल असं तिला आता वाटत नव्हतं. तो मागणार नव्हता. तरी एकवीसची रजा तिने मनातल्या मनात टाकून ठेवली आणि पुढची बाही मशीनखाली सरकवली.

साडेसातला सत्तरावा गणवेश घडी होऊन पडला. आत्या खुर्चीत बसल्या बसल्या बोटं चोळत होती. गाडीवाल्याने हात धुतले, मास्तरची मान मागे करून दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला आणि मास्तर म्हणाला, "हळू."

निघताना आत्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर वळली. "आता हा कापणार कसा? कारागीर कापतील असं वाटतं तुला? त्यांना सरळ रेघ मारता येत नाही. मी येत जाईन. दिवसाआड."

कुणी तिला विचारलं नव्हतं. दिवसाआड सकाळपासून तेच शेजारणीचे गुडघे आणि सुनेचं माहेर ऐकावं लागेल, जे आज इथे घडलं ते उद्या दहा घरांत पोचेल, हे मोठीला स्वच्छ दिसत होतं.

"ये," ती म्हणाली.

* * *

गणवेश सोमवारी पावणेदहाला पोचले. मेट्रनने सहा उघडून बघितले, बाह्या एकमेकींशी लावून पाहिल्या आणि सही केली.

बुधवारी मोठी नेहमीसारखी लवकर आली तर मास्तर टेबलापाशी उभाच होता. दाढी केलेली, शर्ट बदललेला. टेबलावर एकच थर अंथरलेला होता, त्यावर एका सदऱ्याच्या पाठीचा फर्मा, आणि शेजारी कात्री, मूठ तिच्या बाजूला केलेली.

"घ्या," तो म्हणाला.

"मास्तर, मी कधी कापलं नाही."

"चाळीस वर्षं बघताय. घ्या. खडूने आखलंय तिथून सुरू करा. फर्म्याच्या बाहेर बोटभर माया सोडलीये, शिवणीसाठी."

तिने कात्री घेतली. ती वाटली त्याहून जड होती. पहिला काप घेताना कापड पुढे सरकलं.

"कात्री उचलू नका. खालचं पातं टेबलावरून सरकू द्या."

तिने परत सुरुवात केली. तेवढ्यात आत्याही आली आणि काजाच्या मशीनला तेल घालता घालता कुणाच्या तरी भाड्याच्या घराची हकिकत सांगायला लागली. खांद्यापर्यंत ठीक गेलं. गळ्याच्या वळणावर मोठीला कात्री वळवता येईना. कापून झाल्यावर मास्तरने तो तुकडा हातात घेतला आणि कडेवरून अंगठा फिरवत गेला. गळ्यापाशी थांबला.

"इथे आत गेलात."

"वाया गेलं?"

त्याने पुन्हा एकदा अंगठा फिरवला, हळूच, किती गेलंय ते बघत. आत्याची हकिकत घरमालकापर्यंत आली होती.

"नाही," तो म्हणाला. "तेवढं मायेत जातं."

मोठीने पुढचा थर ओढला.